खालचा खिळा

माझा मुलगा रांगायला लागला आणि थोरल्या दिरांची मुलगी शिक्षण संपवून घरी परतली, ते हे वर्ष. सालाचा आकडा मला आता लिहिता येतो. पण आमच्या घरात तो आकडा कुणी उच्चारत नाही. "बाळ रांगत होता तेव्हा" एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं.

आमचा धंदा शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा. फळांचा रस काढायचा, तो तळघरातल्या पिंपांत आंबवायचा आणि आंबलेला रस वर आणून उघड्या हौदांत ठेवायचा, की त्याचा शिरका होतो. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हा धंदा एका पिंपावर सुरू केला. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना जाऊन बराच काळ लोटला होता. घरात सासूबाई, थोरले दीर, आमचे हे आणि थोरल्या दिरांची ती मुलगी. जाऊबाई ती लहान असतानाच गेल्या, म्हणून तिला सासूबाईंनीच वाढवलं. मला सगळे धाकटी म्हणत.

तळघराचं दार स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत होतं. उघडलं की नाकात चुरचुरायचं. पायऱ्या उतरून गेलं की समोर एक लाकडी खांब, आणि त्या खांबाला मामंजींनी ठोकलेला खिळा. रस आंबत असताना तळघरातली हवा मरते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांचा नियम असा की पायऱ्यांवर उभं राहून, लांब काठीच्या आकड्याने पेटता कंदील त्या खिळ्याला अडकवायचा आणि वर येऊन थांबायचं. कंदील जळत राहिला तर खाली उतरायचं. विझला तर दार सताड उघडं टाकायचं आणि दुसरं काम बघायचं. मामंजी चांगले उंच होते. खिळा त्यांनी आपल्या छातीच्या उंचीवर ठोकला होता. त्यांच्या हयातीत आणि पुढेही कितीतरी वर्षं तो नियम सगळ्यांना पुरला.

मग थोरल्या भाऊजींनी पत्र्याची मोठी टाकी आणली. पिंपांपेक्षा दुप्पट उंच. ती तळघराच्या छताला लागत होती, तेव्हा भाऊजींनी छत न उचलता जमीन खणली. खांबाच्या पलीकडची अर्धी जमीन माझ्या कमरेइतकी खाली गेली. त्या खड्ड्यात उतरायला दगडी पायऱ्या केल्या, खाली फरशी घातली, टाकी उभी केली. गारवा चांगला म्हणून जुनी पिंपंही तिथेच उतरवली. त्यांतच कोपऱ्यात विरजणाचं पिंप होतं.

विरजण म्हणजे आंबलेल्या रसाचा तळाचा गाळ. तो नव्या रसात घातला की रस आंबायला लागतो. आमचं विरजण मामंजींच्या पहिल्या पिंपापासून चालत आलेलं. ते सासूबाईंच्या ताब्यात होतं. रोज सकाळी त्या खाली जात, त्याला थोडा ताजा रस पाजत, वाकून तळाची तोटी सोडत आणि लागेल तेवढा गाळ काढून आणत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. घरात सगळं बदललं तरी चालेल, त्या पिंपाची तोटी त्याच सोडणार.

सासूबाई मुळात बुटक्या, आणि वयाने पाठीत वाकलेल्या. एकदा त्या खड्ड्यात उतरल्या असताना मी पायऱ्यांवरून पाहिलं. कंदील खांबावर नेहमीसारखा जळत होता. त्यांचं डोकं कंदिलाच्या बरंच खाली होतं. तोटीशी वाकल्या तेव्हा तर त्या दिसेनाशाच झाल्या. मला तेव्हा कसला वायू नि कसलं काय, काही माहीत नव्हतं. पण मनात आलं, जो दिवा आपल्याला सांभाळणार, तो आपल्या डोक्यावर कसा?

पुतणी घरी आली ती एक सूक्ष्मदर्शक घेऊन. चष्मा तिला शाळेपासूनचा, म्हणून भाऊजी तिला चष्मेवाली म्हणत. तिने ते यंत्र स्वयंपाकघराच्या खिडकीशी मांडलं, काचेवर विरजणाचा एक थेंब घेतला आणि मला म्हणाली, "काकू, एक डोळा मिटा आणि बघा."

आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग गोल गोल मणी दिसले, काचेसारखे, असंख्य. नीट बघितलं तर एकेका मण्याच्या अंगावर फोड आलेला. कुठे बारीक, कुठे मण्याच्या निम्म्याइतका.

"रोग पडला की काय गं याला?"

ती हसली. "रोग नाही. ती पोरं होतायत. हे यीस्ट. ह्यातला प्रत्येक मणी जिवंत आहे. अंगावर एक कळी फुटते, ती फुगत जाते, मोठी झाली की सुटते आणि तिचा वेगळा मणी होतो. मग त्यालाही कळी फुटते. ह्याला कलिकायन म्हणतात."

सासूबाई शेगडीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि बाप?"

"बाप नाही, आजी. लागतच नाही."

"बरं आहे की. लग्न नाही, मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत."

भाऊजी दारातून म्हणाले, "आणि सासूही नाही." सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं तसे ते हसत निघून गेले. जाडजूड माणूस, हसला की पोट हलायचं.

सासूबाईंना यंत्रात बघायचं नव्हतं. पण हातातलं काम थांबवून त्यांनी विचारलं, "पोर सुटल्यावर आईचं काय होतं?"

"तिच्या अंगावर वण राहतो. जिथून एक कळी सुटली तिथून सहसा पुन्हा फुटत नाही, दुसरीकडून फुटते. अंग वणांनी भरत जातं. मग एक दिवस ती थांबते."

"थांबते म्हणजे?"

"मरते, आजी."

सासूबाई पुन्हा कामाला लागल्या. मी आणखी एकदा यंत्रात डोकावले. मघाशी बारीक होता तो फोड आता मोठा वाटत होता. मला ते बघवेना. आपण बघतोय तोवर, न बोलता, न थांबता ते चाललेलंच.

मग पुतणीने मला दुसरी काच दाखवली. भाऊजींनी नव्या टाकीसाठी बाहेरून आणलेलं यीस्ट होतं ते. त्यात इतके मणी की मधली जागा दिसत नव्हती, आणि कळी नाही असा मणी शोधावा लागत होता.

"हे आपल्यापेक्षा फार लवकर वाढतं," ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "काकू, हे सगळे साखर खातात आणि श्वास टाकतात. तो श्वास म्हणजेच खालची मेलेली हवा. साध्या हवेपेक्षा जड असते. पाण्यासारखी सखल जागी जाऊन साचते."

"म्हणजे खड्ड्यात," मी म्हटलं.

"खड्ड्यात."

आम्ही दोघींनी एकदम सासूबाईंकडे पाहिलं. त्या वाटीत रस मोजत होत्या.

त्या दिवसापासून मला तळघराकडे बघायचीच भीती वाटायला लागली. आणि बघावं तर काही ना काही होतंच. खड्ड्याच्या फरशीवर मेलेले उंदीर सापडायला लागले. अंगावर जखम नाही, तोंडाला फेस नाही, निजल्यासारखे. भाऊजी शेपटीला धरून ते वर आणत. "मांजराचा खर्च वाचला," म्हणत. फळांवरच्या चिलटांनी वरचं घर भरलेलं असायचं, खड्ड्यात एक चिलट नसायचं. सासूबाई वर आल्या की कपाळ दाबून बसत. "कानात भुंगा शिरल्यासारखं होतं," म्हणत. चेहरा लालबुंद. चहा घेतला की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की त्या विसरून जायच्या.

मी भाऊजींना म्हटलं, "तो खिळा खाली घ्या. आईंच्या डोक्याच्या वर आहे तो."

"धाकटे, बाबांनी ठोकलेला खिळा आहे तो. त्याच्यावर हे घर चाललंय."

"बाबांच्या वेळी खड्डा नव्हता."

"तुझा नवरा वेगळा व्हायला निघालाय, आणि तू आमचे खिळे हलवायला निघालीस. वा."

हे मात्र खरं होतं. आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं होतं. ह्यांनी दोन गावं पलीकडे एक पत्र्याची शेड बघितली होती. तिला तळघर नव्हतं, म्हणून मला ती फार आवडली होती. भाऊजींना ते लागलं होतं. तोंडाने म्हणत, "जा की. पिंपं ने, हौद ने. विरजण मात्र आईकडे माग. ते द्यायला मी कोण?" त्यांना ठाऊक होतं, सासूबाई देणार नाहीत. आणि दुसऱ्या विरजणावर आमच्या चवीचा शिरका होणार नाही, हे ह्यांनाही ठाऊक होतं.

शेवटी पुतणीने बापाशी उभा दावा मांडला. त्याच्यापुढे सूक्ष्मदर्शक ठेवला, मेलेला उंदीर ठेवला, आणि जेवणार नाही म्हणाली. भाऊजी तिच्यापुढे कधीच टिकत नसत. त्यांनी खड्ड्याच्या भिंतीत, अगदी फरशीजवळ, एक दुसरा खिळा ठोकून घेतला. कंदील आधी खालच्या खिळ्याला अडकवायचा, असं ठरलं. शिवाय हंगाम संपला की हवा ओढणारा पंखा बसवायचा, असंही कबूल केलं.

मी निर्धास्त झाले. चूक झाली ती इथेच, आणि ती आमच्या घराशिवाय दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती.

खालच्या खिळ्यावर कंदील टिकेना. आज जळायचा, उद्या विझायचा. एक दिवस विझला की नियमाप्रमाणे दार उघडं टाकून सगळे खोळंबायचे. हंगाम ऐन भरात, गाड्या दारात, टाकी भरलेली, आणि घर कंदिलासाठी बसून. सासूबाई वैतागल्या. त्यांनी कंदील काठीने वर ओढून घेतला, पायरीवर पेटवला आणि जुन्या खिळ्याला अडकवून बघितला. तिथे तो छान जळाला, निवांत, पिवळा.

"बघा," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या खिळ्यावर कधी विझला नाही. खालचा खिळाच वाईट जागी ठोकलाय. भिंतीतून वारा येतो तिथे."

"आजी, तिथे वारा नाही. तिथे हवाच नाही," पुतणी म्हणाली.

"हवा नाही तर मी परवा खाली काय गिळत होते?"

भाऊजींनीही मान डोलावली. "वातीचा दोष असेल. खाली ओल आहे, वात भिजते." नवी वात घातली. ती खाली विझली, वर जळली. मग काच बदलली. तीही खाली विझली, वर जळली. दर वेळी शेवटी कंदील जुन्या खिळ्यावर जायचा आणि माणसं खाली उतरायची. आणि बहुतेक दिवस काही व्हायचंही नाही. पुतणी तेवढी धुमसत असायची. तिने सासूबाईंना सांगितलं, "मला विचारल्याशिवाय खड्ड्यात उतरायचं नाही." सासूबाई म्हणाल्या, "तुला न्हाऊमाखू मी घातलं, चष्मेवाले."

आमचं निघायचं ठरलं त्या आठवड्यात टाकीत नवा रस पडला होता. टाकी दिवसरात्र उकळल्यासारखी बुडबुडत होती. जमिनीला कान लावला तर स्वयंपाकघरातही ऐकू यायचं. मला झोपेतही ते मणी दिसायचे. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि सगळे श्वास टाकतायत.

निघायच्या दिवशी सकाळी सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "धाकटे, एक बरणी घे. उकळत्या पाण्याने धू."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बघतेस काय? विरजणाशिवाय जाणार आहात का? माझं पोर जाऊन दुसऱ्याच्या गाळावर शिरका करणार? मग लोक चवीला नावं ठेवणार आणि मला ऐकवणार."

मला रडूच आलं. मी म्हटलं, "आई, ह्यांना काढू दे ना. तुम्ही नका उतरू. तोटी सोडायची तर ह्यांनाही येते."

"त्याला येत असेल. मला दुसऱ्याने सोडलेली चालत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "देणारच आहे तर माझ्या हाताने देईन."

हे अंगणात गाडीत पिंपं चढवत होते. भाऊजी ती चढवताना बघवत नाही म्हणून रस्त्याकडे तोंड करून फाटकाशी बसले होते. पुतणी वर हौदाशी होती. मी बरणी धुऊन दिली आणि मुलाला कडेवर घेऊन त्यांच्या मागे निघाले.

"पोर घेऊन खाली यायचं नाही," त्या म्हणाल्या. "तिथेच थांब."

मी दारात थांबले. त्यांनी अर्ध्या पायऱ्या उतरून काठीने कंदील खालच्या खिळ्याला अडकवला. ज्योत एकदा लांब झाली, निळी झाली आणि गेली. कुणी चिमटीत धरल्यासारखी.

"आई, वर या. विझला."

"वात मेली असेल."

"वात कालच बदलली. या ना वर. दुपारी काढू. आम्ही दुपारी निघू."

"दुपारी ऊन लागेल पोराला." त्यांनी कंदील ओढून घेतला, पेटवला आणि मामंजींच्या खिळ्याला अडकवला. तो जळायला लागला. तळघर पिवळं झालं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "जळतोय ना? मग झालं तर. तू फार भित्री आहेस गं. वेगळा संसार कसा करणार?"

आणि त्या खांबाला हात लावून खड्ड्याच्या पायऱ्या उतरल्या. त्यांचं डोकं कंदिलाच्या खाली गेलं आणि मला दिसेनासं झालं. मी तिथूनच ह्यांना हाक मारली. गाडीवर पिंप गडगडत होतं, त्यात ती गेली. पुतणीला हाक मारली. तेवढ्यात तोटी सुटल्याचा आवाज आला.

बरणीत गाळ पडायला लागला. रिकाम्या भांड्यात पडतो तसा आधी घोगरा आवाज. मग बरणी भरत आली तसा तो आवाज बारीक होत गेला, वर चढत गेला. आता तोटी बंद होईल, असं मला वाटलं. आवाज अगदी टिपेला गेला, आणि मग बदलला. बरणी भरून गाळ फरशीवर पडत होता. सासूबाईंनी उभ्या जन्मात विरजणाचा थेंब सांडला नव्हता.

"आई," मी म्हटलं.

गाळ पडतच राहिला.

मी ओरडले ते सगळ्या आळीला ऐकू गेलं असेल. भाऊजी आधी आले. मी दारात आडवी झाले. "खाली हवा नाही. भाऊजी, थांबा, दोर आणा."

त्यांनी माझ्या खांद्यावरून खाली पाहिलं. "कंदील जळतोय की," ते म्हणाले. "घसरून पडली असेल." मला बाजूला सारून ते धाडधाड उतरले. खड्ड्यात उभे राहिले तेव्हा त्यांचे खांदे आणि डोकं मला दिसत होतं. म्हणाले, "आई, ऊठ." मग आईला उचलायला ते वाकले. ते वाकले ते पुन्हा वर आले नाहीत.

आमचे हे आले तेव्हा पुतणीने त्यांचा सदरा मागून धरून ठेवला होता. तो फाटला तरी तिने सोडला नाही. "काका, दोर बांधल्याशिवाय नाही. श्वास वर घ्यायचा, खाली एकदाही घ्यायचा नाही. वाकायच्या आधी परत या." त्यांच्या कमरेला दोर बांधला, हातात दुसरा दोर दिला. पहिल्या खेपेला ते भाऊजींच्या काखेत दोर अडकवून आले. आम्ही सगळ्यांनी ओढलं, शेजारची माणसंही आली. दुसऱ्या खेपेला सासूबाई. त्या इतक्या हलक्या होत्या की त्यांना ओढायला फारसं कुणी लागलं नाही.

दोघांना अंगणात, गाडीच्या सावलीत निजवलं. डॉक्टर आले. भाऊजींनी खोकून श्वास घेतला. सासूबाईंनी घेतला नाही. त्यांचा चेहरा लाल होता, रोज चहाला बसायच्या तेव्हासारखा, म्हणून कुणाला खरं वाटेना. बाळ त्यांच्याकडे रांगत गेला आणि त्यांच्या पदराशी खेळत बसला.

एवढं होईस्तोवर कंदील मामंजींच्या खिळ्यावर जळतच होता. पुतणी खाली उतरली नाही. पायरीवरून काठीने तिने तो काढून घेतला आणि फुंकून विझवला.

आम्ही वेगळे झालो नाही. गाडीतली पिंपं परत उतरवली. भाऊजी हिंडायफिरायला लागले, पण बोलता बोलता शब्द हरवायचे, आणि हसणं गेलं ते गेलंच. धंदा ह्यांच्यावर आला. खड्डा दगडमातीने बुजवला, टाकी विकली, पंखा बसवला, वरचा खिळा उपटला. विरजणाचं पिंप फुटलं नव्हतं. फरशीवर सांडलं ते वाळून गेलं, पण तोटीच्या खाली पिंपात उरलं होतं ते जिवंत होतं. पुतणीने त्यातला थेंब काचेवर घेऊन मला दाखवला. मणी होते, आणि मण्यांना कळ्या होत्या. काही झालंच नव्हतं त्यांच्या लेखी. तिनेच मला पुढे अक्षरं शिकवली. विरजणाच्या पिंपावर तारीख घालायला कुणीतरी हवं होतं.

आता ती तोटी मी सोडते. त्याच गाळावर आमचा शिरका होतो आणि चवीला कुणी नाव ठेवत नाही.

सासूबाई वारल्या त्या वर्षी, फळांच्या हंगामात, बुधवारी सकाळी, आमची गाडी दारात उभी असताना. थोरले भाऊजी त्यानंतर सात वर्षांनी वारले, हिवाळ्यात, वरच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून.